केसांसाठी घेतलेली गोळी



या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकलात, दशावतार आणि संतसाहित्यावरची व्याख्याने ऐकलीत. अशा ठिकाणी केसगळतीवर बोलायला डॉक्टरीणबाई कशा काय, असे कुणाला वाटले तर नवल नाही. मी त्वचारोगांवर उपचार करते. माझ्याकडे येणारी बाई खाज, गजकर्ण, पायाच्या भेगा यांबद्दल मोकळेपणाने बोलते. केसांचा विषय निघाला की तिचा आवाज उतरतो. लग्न ठरायचे असते, नुकतेच बाळंतपण झालेले असते, तापातून उठून महिना-दोन महिने झालेले असतात. वेणीची जाडी कमी झाली, अबोलीची फाती माळायला पूर्वीसारखा अंबाडा राहिला नाही, हे सांगताना तिचे डोळे भरतात. हे दुःख खरे आहे. ते खरे असल्यामुळेच त्यावर मोठा बाजार उभा राहतो. म्हणून हा विषय मला सार्वजनिक वाटतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना शास्त्र मराठीतून शिकवले. त्यांच्या नावाला शोभेल असे काही सांगायचे, तर घरातल्या औषधाच्या कपाटापासून सुरुवात करावी असे मी ठरवले.

मुद्दा आधीच सांगून टाकते. केस गळतात म्हणून ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांना त्या गोळ्यांची गरज नसते. आणि या गोळ्या मोठ्या मात्रेत महिनोन् महिने घेतल्या, तर त्यांच्यामुळेच केस गळतात.

गोव्यातल्या याच पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी लाड मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून १८५१ साली बाहेर पडले. मुंबईच्या भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आज त्यांचे नाव आहे. कुष्ठरोगावर कडू कवठीच्या बियांचे तेल देऊन त्यांनी प्रयोग केले आणि रुग्णांचे निरीक्षण दीर्घकाळ चालवले. १८७४ साली ते गेले. या भूमीतल्या एका मोठ्या डॉक्टराचे स्मरण मी एका कारणासाठी करते. औषध देशी असो वा विलायती, ते कुणाला, किती आणि किती दिवस दिले आणि त्यानंतर काय झाले, हे पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलू नये, हा शिरस्ता आपल्याकडे नवा नाही.

आता ‘अ’ जीवनसत्त्वाकडे वळू. ते आपल्या पोटात दोन वाटांनी येते. पहिली वाट भाजी-फळांची. तांबडी भाजी, पावसाळ्यातला टायकिळा, पेडण्यापासून सावंतवाडी-मालवणापर्यंत होणारी शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी, तांबडा भोपळा, पिकलेली पपई, मानकुराद आंबा. या सगळ्यांत कॅरोटीन असते. शरीर त्यातून लागेल तेवढेच ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते आणि उरलेल्या कॅरोटीनला हात लावत नाही. कुणी रोज किलोभर गाजरे खाल्ली तर तळहात पिवळसर दिसतील, पण विषबाधा होणार नाही. दुसरी वाट प्राण्यांची. दूध, लोणी, अंड्याचा बलक, मासे आणि सगळ्यात जास्त म्हणजे काळीज, म्हणजेच प्राण्याचे यकृत. यात जीवनसत्त्व तयार स्वरूपातच असते, त्याला रेटिनॉल म्हणतात. शंभर ग्रॅम कोंबडीच्या काळजात साधारण तीन हजार मायक्रोग्रॅमपेक्षा थोडे जास्तच रेटिनॉल निघते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीची दिवसाची गरज ८४० मायक्रोग्रॅम आणि पुरुषाची १००० आहे. रोज तीन हजारांच्या वर जाऊ नये, अशी मर्यादाही सांगितली आहे. आठवड्यातून एकदा काळीज खाल्ल्याने बिघडत नाही. पण तयार रेटिनॉल शरीराला नाकारता येत नाही. ‘क’ जीवनसत्त्व जास्त झाले की ते लघवीवाटे जाते. ‘अ’ स्निग्धात विरघळणारे, त्याला अशी सोपी वाट नाही. ते यकृतात जाऊन साठते.

ही साठवण किती जबर असू शकते, हे माणसाला सर्वांत आधी ध्रुवप्रदेशात कळले. १५९६-९७ च्या हिवाळ्यात विलेम बॅरेंट्स या डच दर्यावर्दीची तुकडी नोवाया झेम्ल्या बेटावर बर्फात अडकली. उपासमारीत त्यांनी पांढरे अस्वल मारले आणि त्याचे काळीज शिजवून खाल्ले. तिघे जण फार आजारी पडले आणि त्यांच्या अंगाची साल डोक्यापासून पायापर्यंत सुटली, असे त्या सफरीचा वृत्तांत लिहिणाऱ्या गेरिट दे वीरने नोंदवले. का, ते त्याला माहीत असणे शक्यच नव्हते. पांढऱ्या अस्वलाचे काळीज खाऊ नये हे एस्किमो लोकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. त्यातला दोष म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचा प्रचंड साठा, हे रोडाल आणि मूर यांनी १९४३ साली तपासून दाखवले.

दुसरी गोष्ट दक्षिण ध्रुवाची. डग्लस मॉसन आणि झेवियर मर्ट्झ हे दोघे संशोधक मोहिमेवरून परतीच्या वाटेवर होते. त्यांचा तिसरा सोबती, बहुतेक शिधा आणि उत्तम कुत्रे बर्फाच्या भेगेत गडप झाले होते. उरलेले कुत्रे मारून खाण्यावाचून इलाज नव्हता. मांस चिवट आणि काळीज मऊ, म्हणून अशक्त झालेल्या मर्ट्झच्या वाट्याला काळीज जास्त आले असावे. दोघांचीही कातडी सुटू लागली, केस झडू लागले. जानेवारी १९१३ मध्ये मर्ट्झचा मृत्यू झाला. मॉसन एकटा तळावर पोचला. कुत्र्यांच्या काळजातले ‘अ’ जीवनसत्त्व याला कारणीभूत होते, अशी मांडणी ऑस्ट्रेलियातल्या दोन डॉक्टरांनी १९६९ साली केली. ती सर्वांना मान्य नाही, उपासमार आणि थंडी हीही कारणे होतीच. पण लक्षणांची यादी आमच्या पाठ्यपुस्तकातल्या ‘अ’ च्या विषबाधेशी जुळते. आणि ज्या १९१३ साली मर्ट्झ गेला, त्याच साली अमेरिकेत मॅकॉलम आणि डेव्हिस यांनी लोण्यात आणि अंड्यात वाढीला आवश्यक असा एक स्निग्ध घटक असल्याचे जाहीर केले. तेच हे जीवनसत्त्व. माणसाला त्याची गरज ज्या वर्षी कळली, त्याच वर्षी त्याचा अतिरेक एका माणसाच्या जिवावर बेतला असावा.

आपल्या किनाऱ्यालाही काळजाचे तेल परके नाही. केरी, हरमल, मोरजीच्या रापणकारांना मोरीचे, म्हणजे शार्क माशाचे, काळीज किती तेलकट असते हे सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेहून येणारे कॉड माशाचे तेल थांबले, तेव्हा मुंबई आणि मद्रास प्रांतांच्या सरकारांनी मोरीच्या काळजाचे तेल काढणारे कारखाने सुरू केले. शार्कोफेरॉल या टॉनिकची बाटली तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ज्या काळात मुले रातांधळी होत, बुबुळे कोरडी पडून डोळे जात, त्या काळात या तेलाने भले केले. १९४७ साली हे जीवनसत्त्व कारखान्यात तयार करण्याची रीत निघाली आणि ते स्वस्त झाले. आज गोळीत असते ते बहुधा कारखान्यातले रेटिनाइल पाल्मिटेट किंवा रेटिनाइल ॲसिटेट. स्वस्त झाल्याबरोबर ते गरज नसलेल्यांच्याही हाती आले.

केसांवर याचा परिणाम होतो कसा? डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचे मूळ दोन ते सहा वर्षे वाढीच्या अवस्थेत राहते, मग थोडे आकसते, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेते, आणि त्यानंतर केस गळून नवा येतो. निरोगी डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस एका वेळी वाढीत असतात, त्यामुळे रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा नित्यक्रम आहे. ‘अ’ जीवनसत्त्वापासून पेशीत रेटिनॉइक आम्ल बनते. ते केंद्रकातल्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटते आणि पेशीने वाढावे की थांबावे याचे हुकूम बदलते. मुळाला त्याची थोडी मात्रा हवीच असते. मात्रा वाढली की मुळाला थांबण्याचा हुकूम वेळेआधी मिळतो, आणि जे केस आणखी दोन वर्षे वाढले असते ते एकदमच विश्रांतीत जातात. दोन-तीन महिन्यांनी ते सगळे गळू लागतात.

हा दोन-तीन महिन्यांचा उशीर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घोटाळा इथेच होतो. मार्चमध्ये गोळ्या सुरू केल्या आणि जूनमध्ये केस गळू लागले, तर गोळ्यांकडे कुणाचे बोट जात नाही. उलट, गळती वाढली म्हणून बाई फार्मसीतून आणखी एक पाकीट आणते. असेच उलट दिशेनेही होते. डेंगीच्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी गळती सुरू होते. ती आपोआप थांबणारच असते. त्याच सुमारास गोळी सुरू केलेली असते आणि श्रेय गोळीला जाते. मग ती बाई जावेला, शेजारणीला, मुलीला तीच गोळी सांगते. तिचा अनुभव खोटा नसतो. तिने लावलेला कार्यकारणभाव तेवढा चुकीचा असतो, आणि तो समजावून सांगायला लागणारा वेळ आम्ही डॉक्टर नेहमी देत नाही, हेही मी इथे स्पष्ट बोलते.

आता जरा हिशेब करू. कारण या सभागृहात अंगणवाडीताई बसल्या आहेत, आणि माझे बोलणे ऐकून कुणी उद्या बाळाचा ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस चुकवला तर ते मला मुळीच सहन होणार नाही. केंद्र सरकारचा हा कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर एक लाख युनिट, आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिट. आकडा ऐकून घाबरायला होते. पण एक युनिट म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम. दोन लाख युनिट म्हणजे ६०,००० मायक्रोग्रॅम. ते सहा महिन्यांच्या १८० दिवसांत वाटले, तर दिवसाला ३३३ मायक्रोग्रॅम पडतात. एक ते तीन वर्षांच्या मुलाची रोजची गरज ३९० धरली आहे. म्हणजे हा डोस बाळाच्या यकृतात सहा महिन्यांची शिदोरी ठेवतो आणि बाळ ती रोज थोडी थोडी वापरते. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या सुमारे १८ टक्के भारतीय मुलांत या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. डोस द्यायलाच हवा.

आता मोठ्या माणसाची २५,००० युनिटची गोळी घ्या. ती ७,५०० मायक्रोग्रॅम होते, स्त्रीच्या रोजच्या गरजेच्या जवळजवळ नऊपट आणि मर्यादेच्या अडीचपट. डोळ्यांच्या किंवा पचनाच्या काही विकारांत डॉक्टर ती ठरावीक दिवस देतात आणि ते योग्यच असते. पण केसांसाठी म्हणून रोज एक याप्रमाणे सहा महिने घेतली, तर ४५ लाख युनिट पोटात जातात. बाळाला याच काळात दोन लाख मिळाले. मोठ्या माणसाचे वजन बाळाच्या पाच-सहापट धरले तरी हा हिशेब बसत नाही. एवढे घेणाऱ्या प्रत्येकाचे केस झडतील असे मी म्हणत नाही. यकृत बराच काळ सांभाळून घेते. पण साठा भरत आला की आधी ओठ फुटतात, कातडी कोरडी पडते, डोके दुखते, हाडे दुखतात, डोक्याचे आणि भुवयांचे केस विरळ होतात. केस गळणाऱ्या रुग्णाच्या भुवया आणि ओठ मी आधी पाहते, ते यासाठी. रक्तातले रेटिनॉल यकृत बराच काळ ठरलेल्या पातळीवर राखते, म्हणून तपासणी नॉर्मल आली तरी शंका फिटत नाही. घरी काय काय घेतले जाते याची नीट चौकशी हीच खरी तपासणी.

ही चौकशी आता सोपी राहिलेली नाही. पूर्वी एक टॉनिक असायचे. आता मल्टीव्हिटॅमिनची गोळी, कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल, ऑनलाइन मागवलेल्या केसांच्या गमी, जिमवाल्याने सुचवलेली पावडर, असे चार-पाच जिन्नस एकाच घरात, कधी एकाच माणसाच्या पोटात असतात. प्रत्येकाच्या लेबलवर ‘अ’ थोडेथोडेच लिहिलेले असते आणि बेरीज कुणी करत नाही. गोडे तेल आणि दूध यांतही आता ‘अ’ आणि ‘ड’ मिसळलेले असते. त्याची मात्रा लहान आहे, त्याला घाबरू नका. लेबलवर बीटा कॅरोटीन लिहिले आहे की रेटिनॉल, रेटिनाइल पाल्मिटेट, रेटिनाइल ॲसिटेट, एवढे पाहा. बेरीज करायची ती दुसऱ्या गटाची. तरुण मुलामुलींना मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन दिले जाते, सोरायसिससाठी ॲसिट्रेटिन. ही औषधे याच जीवनसत्त्वाच्या घराण्यातली आहेत आणि केस विरळ होणे हा त्यांचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, ॲसिट्रेटिनचा तर नेहमीचा. त्यांच्या जोडीला केस गळू नयेत म्हणून ‘अ’ ची गोळी घेणे म्हणजे त्याच ओझ्यात भर. आणि गर्भवती किंवा मूल हवे असलेल्या स्त्रीने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीच घेऊ नये. तयार ‘अ’ जीवनसत्त्व दिवसाला दहा हजार युनिटांहून जास्त घेणाऱ्या मातांच्या बाळांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण अधिक दिसल्याचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. केस परत येतात, गर्भावर झालेला परिणाम पुसता येत नाही.

डायलिसिसवरच्या रुग्णांसाठी वेगळे दोन शब्द. काणकोणातल्या मूत्रपिंडाच्या विकाराची चर्चा गोव्यात बरीच वर्षे चालू आहे, आणि डायलिसिसला जाणारे लोक आता प्रत्येक तालुक्यात आहेत. मूत्रपिंड निकामी झाले की रक्तातले रेटिनॉल आपोआप वाढते. अशा रुग्णाला साधी मल्टीव्हिटॅमिनची गोळीसुद्धा जास्त होऊ शकते. डायलिसिसवर असताना ‘अ’ च्या अतिरेकाने केस गेल्याच्या नोंदी १९७९ पासून वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अशक्तपणा दिसतो म्हणून घरच्यांनी प्रेमाने आणलेले टॉनिक आधी डायलिसिस केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा.

पोषकद्रव्याने केस जातात हे अजूनही कुणाला पटत नसेल, तर बुलढाण्याची घटना फार जुनी नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक हातात येऊ लागले. काही दिवसांत टक्कल. आधी पाण्यावर संशय गेला, मग बुरशीवर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके आली. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी सगळ्या जगाला माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतःहून तिथे गेले, त्यांनी रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासून घेतला. सेलेनियम हे मूलद्रव्य रुग्णांच्या शरीरात अनेक पटींनी वाढलेले होते आणि ते बाहेरून आलेल्या रेशनच्या गव्हातून आले, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. सेलेनियमही शरीराला हवेच असते, पण दिवसाला जेमतेम काही दशक मायक्रोग्रॅम, आणि त्याच्या पुढची विषबाधेची पायरी लवकर येते. अमेरिकेत २००८ साली एका द्रवरूप पूरकाच्या उत्पादनात चूक होऊन लेबलपेक्षा दोनशेपट सेलेनियम पडले. दहा राज्यांतले २०१ जण आजारी पडले आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे केस गेले. बुलढाण्यातल्या तरुण मुलींनी आणि मुलांनी काय सोसले ते वर्तमानपत्रांत आले आहे. मुंडण करून घेतलेली मुले, अडलेली लग्ने. त्या लोकांनी चैन म्हणून काही खाल्ले नव्हते, रेशनचा गहू खाल्ला होता. ज्यांच्या हातात निवड नव्हती त्यांचे असे झाले, आणि आपल्या हातात निवड असताना आपण पैसे मोजून तसलाच धोका घरी आणतो, याचे मला फार वाईट वाटते.

मग केस गळत असतील तर करायचे काय? आधी मागच्या तीन-चार महिन्यांत काय घडले ते आठवा. ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, घाईने वजन कमी करणे, घरातला मृत्यू. मग हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ३९ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. साक्षर, मासे खाणाऱ्या, रस्त्यांनी आणि आरोग्य केंद्रांनी जोडलेल्या आपल्या राज्यात दहातल्या चौघींचे रक्त कमी असावे आणि आपण त्यांना ‘अ’ ची गोळी विकावी, हे मला अस्वस्थ करते. या बायकांना बहुधा लोह हवे आहे. थायरॉईड तपासायला जाताना बायोटिनच्या गमी किमान दोन-तीन दिवस आधी बंद करा. त्यांच्यात रोजच्या गरजेच्या शेकडोपट बायोटिन असते आणि त्यामुळे थायरॉईडचे आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिनचे अहवाल चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दिला आहे. आपली तुयें, कासारवर्णे, साखळी, डिचोलीची आरोग्य केंद्रे आणि १८४२ पासून चालत आलेले आपले वैद्यकीय महाविद्यालय यांच्या दारात जायला संकोच नको. केस गळणे हे दवाखान्यात जाण्याजोगे कारण आहे.

‘अ’ जास्त झाल्याने केस गेले असतील, तर गोळी बंद करणे हाच उपचार. यकृतातला साठा उतरायला काही आठवडे ते काही महिने लागतात. त्या काळात गळती चालूच राहते आणि रुग्ण धीर सोडतो. मग नवे केस येतात, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. खांद्यापर्यंतची वेणी व्हायला दोन वर्षे लागतील, पण मुळे जिवंत असतात आणि बहुतेकांचे केस परत येतात. तोवर खोबरेल लावा, माका लावा, जास्वंद लावा. डोक्याला बरे वाटते आणि यकृतात काही साठत नाही.

पुढचा अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवला आहे. निमंत्रणपत्रिकेत लिहिल्याप्रमाणे ज्यांनी घरच्या बाटल्या आणि पाकिटे आणली असतील, त्यांनी ती पुढे टेबलावर आणावीत. लेबले आपण एकत्र वाचू आणि प्रत्येकाची बेरीज इथेच करून टाकू.